आधी हूं, मग अगं

ह्यांनी मला जन्मात एकदाही नावानं हाक मारली नाही. मी त्यांचं नाव घेतलं ते लग्नातल्या उखाण्यात, आणि नंतर थेट दवाखान्याच्या खिडकीत, पलीकडची बाई "पेशंटचं नाव?" म्हणून खेकसली तेव्हा. तेही इतकं हळू घेतलं की तिनं परत विचारलं. घरात मी "अहो" आणि ते "अगं". आमच्या नेवाशात माझ्या वयाच्या बायकांचं असंच असतं, त्यात काही नवल नाही.

पण ह्यांच्या "अगं"चे प्रकार होते. चहा पाहिजे असला की छोटा, तुटका. पाहुणे बसलेले असले की लांब आणि मऊ, जसं काही आम्ही कधी भांडतच नाही. आणि भांडण होऊन अबोला झाला, की तो मोडताना आधी नुसते खाकरायचे, हूं, आणि मग हळूच "अगं". हा मला सगळ्यात आवडायचा. तरी मी काही पहिल्या हाकेला धावणाऱ्यातली नव्हे. पहिल्या हाकेला ओ दिली की नवऱ्याला वाटतं, बाई रिकामीच बसलीय. माझं पिको-फॉलचं मशीन मधल्या खोलीत दिवसभर चालू असायचं. मी आपली पाय हलवत राहायची, आणि तिसऱ्या हाकेला उठायची. उठताना "काय, आभाळ कोसळलं का?" एवढं विचारायचं. ते हसायचे. रोजचंच होतं हे.

हे ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. लग्नं, हळदी, गावजत्रा, गणपती. एकेकाळी सीझनमध्ये घरी फक्त अंघोळीला यायचे. पुढं गावोगाव डीजे आले, ऑर्केस्ट्राला कोण विचारतो? तरी राहात्याकडून नाहीतर श्रीरामपूरकडून एखादी सुपारी यायची आणि हे नवा शर्ट घालून टेम्पोत बसायचे. गिटारवर त्यांचा भारी जीव. खंडेनवमीला लोक कोयते, नांगर, ट्रॅक्टर पुजतात, मी मशीन आणि कात्री पुजते, तसे हे गिटार पुजायचे. पाटावर आडवी ठेवायची, झेंडूच्या फुलानं पाणी शिंपडायचं आणि ओलं कुंकू बोटावर घेऊन एक ठसठशीत टिळा लावायचा. तो टिळा लाकडावर नाही, तारांच्या खाली त्या पांढऱ्या पट्टीवर.

एकदा मी म्हणलं, "अहो, वर लाकडावर लावा की. दिसंल तरी."

तर म्हणाले, "ती इथनं बोलते. तुझ्या कपाळाला लावायचं कुंकू तू काय पदराला लावती का?"

पुढच्या वर्षीपासून पूजेची फुलं मीच तोडून द्यायला लागले.

त्या पांढऱ्या पट्टीला पिकअप म्हणतात. तारेचं हलणं पकडायचं आणि स्पीकरला सांगायचं, एवढंच तिचं काम. आत केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. ह्यांच्या गिटारला दोन पिकअप होते. एक शेवटाकडं, तो चिरका, डोक्यात जाणारा. दुसरा गिटारच्या मानेजवळ, त्याला नेक पिकअप म्हणायचं. तो भरीव, गोड, माणसाच्या छातीतून आल्यासारखा. हे शहाणपण मला तेव्हा नव्हतं, नंतर आलं. नको होतं तेव्हा आलं.

माव्याबद्दल मी फार लिहिणार नाही. नगर जिल्ह्यात मावा कुणाला सांगायला लागत नाही. सुपारी, तंबाखू, चुना घालून प्लास्टिकच्या कागदात चोळायचा आणि गालात धरायचा. जागरणाचे कार्यक्रम, झोप यायला नको, म्हणून सुरुवात झाली म्हणे. मी ओरडले, रडले, पुड्या चुलीत घातल्या, मुलीची शपथ घातली. हे "सोडतो, सोडतो" म्हणायचे आणि दाराबाहेर जाऊन थुंकून यायचे. मग जिभेच्या कडेला एक फोड आला. तो बरा होईना. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरनी विचारलं, "कामाचा हात कुठला?"

हे म्हणाले, "दोन्ही." तेव्हा अजून बोलता येत होतं, बोबडं का होईना.

"तसं नाही हो. जेवायचा हात कुठला?"

ह्यांनी उजवा वर केला. आपल्याकडं जेवायचा हात विचारला की माणूस दुसरा विचारच करत नाही. मग त्यांनी डाव्या हाताचं मनगटाजवळचं कातडं काढलं आणि त्याची जीभ करून तोंडात बसवली. गिटारवाल्याचा डावा हात तारा दाबतो, सगळे सूर त्याच हातात असतात, हे डॉक्टरला कुठून माहीत असणार? आणि आम्हा दोघांना माहीत असून त्या घटकेला सुचलं नाही. डाव्या हाताची बोटं बधिर झाली ती झालीच. उजवा वाचला, पण त्या हातानं पुढं एक घास तोंडात गेला नाही. नाकात नळी, आणि नळीतून मी घालीन ते पातळ. बोलणं तर संपलंच. त्या नव्या जिभेला चव नाही, वळण नाही. ती नुसती तिथं होती.

घरी आल्यावर हाक मारायची पंचाईत झाली. मोबाईलवर टाईप करून दाखवायचे, पण त्यासाठी मी समोर पाहिजे ना! पहिले काही दिवस टाळी वाजवायचे, ती माझ्या मशीनच्या खडखडाटात ऐकू यायची नाही. मग एका दुपारी मी साडीला फॉल लावत होते, तर पुढच्या खोलीतून आधी आला हूं. त्याच्यामागून दोन सूर. एक खालचा, एक वरचा.

अगं.

माझी सुई बोटात घुसली. खोटं नाही सांगत, रक्त आलं, साडीला डाग पडला. तीच हाक आणखी दोनदा आली, तेव्हा कुठं मला उठायचं सुचलं आणि मी पळत गेले. हे खाटेवर टेकून बसलेले, गिटार मांडीवर आडवी, खाटेखाली छोटा स्पीकर. डावा हात नुसता बाजूला पडलेला. उजव्या अंगठ्यानं मधल्या दोन मोकळ्या तारा छेडल्या होत्या, दाबायचं काही कामच नव्हतं. गिटारचं बटण फिरवलं की त्या नेक पिकअपमुळं स्पीकर आधी गुणगुणायचा, हूं, आणि मग त्या दोन तारा. हुबेहूब. आणि आता प्रत्येक हाकेच्या आधी ते खाकरणं होतं, म्हणजे माझ्या लेखी प्रत्येक हाक अबोला मोडणारी.

मी उभी राहून रडले, ते तिरक्या तोंडानं हसले. ऑपरेशननंतर त्यांचं हसणं एकाच बाजूला व्हायचं.

आणि बघा माणसाची जात! चार दिवस गेले नाहीत तर मी परत मूळ पदावर. पहिली हाक आली की पाय हलवत बसायची. दुसरी आली की "आले, आले" पुटपुटायची, पण उठायची नाही. तिसऱ्या वेळी ते सगळ्या सहा तारा एकदम खर्रकन ओढायचे, म्हणजे "ए बाई, बहिरी झालीस का?" मग मी उठायची. मला ते परत परत ऐकायचं असायचं, आणि त्यांनाही ते कळत होतं. तेवढे दिवस आमच्या घरात आजारपण होतं, पण घर मेलेलं नव्हतं.

मग मानेत गाठ आली. आधी सुपारीएवढी. डॉक्टरनी फोटो बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाले की आता कापण्यासारखं काही राहिलं नाही, घरी न्या, दुखण्याची औषधं देतो. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, असं सांगता येत नाही. पण त्यांनी पुढची तारीख दिली नाही, त्यातच मला काय ते कळलं. येताना एसटीत हे खिडकीला डोकं टेकून बसले होते. घोडेगावच्या बाजारात म्हशी उभ्या होत्या, त्या बघत होते. मला वाटलं, ह्या माणसाला आता काहीही द्यायला लागलं तर मी देईन.

आणि त्याच आठवड्यात नेक पिकअप गेला. आवाज आधी बारीक झाला, मग खरखरला आणि एके सकाळी बंदच. हूं नाही, अगं नाही. ह्यांनी खटका दुसऱ्या पिकअपवर टाकला आणि त्याच दोन तारा छेडल्या. अगं बाई, काय तो आवाज! पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. ह्यांनी तोंड कडू केलं. नव्या जिभेला चव नव्हती, तरी त्यांचं तोंड कडू झालेलं मला दिसलं. गिटार बाजूला ठेवून दिली.

मग चमच्यानं पेला वाजवायला लागले. मला त्याचा इतका राग आला की मी ताडकन म्हणलं, "मला भांडं वाजवून बोलवू नका. मी काय मांजर हाय?" त्यांनी चमचा ठेवला. त्यानंतर त्यांनी बोलवायचंच सोडलं. एकदा मी साड्या देऊन घरी आले तर उशी खाली पडलेली, मान वाकडी, गाठ ओढून दुखतेय, डोळ्यांतून पाणी, आणि हे गप्प पडलेले.

"वाजवायचं न्हाई का? जाऊबाई मागच्या दारी हुत्या, आल्या असत्या की!" मी ओरडले. माझ्या मोठ्या जाऊबाई आमच्या शेजारीच राहतात.

त्यांनी मोबाईल घेतला. एका हातानं, एकेक अक्षर. मी वाट बघत उभी. लिहिलं होतं, "त्या आवाजानं तुला हाक मारवत नाही."

झालं. त्या घडीला माझ्या मनानं घेतलं की हा माणूस जायच्या आधी त्याला त्याची हाक परत मिळाली पाहिजे. दुसरं मला काही करता येण्यासारखं नव्हतंच. गाठ मला काढता येत नव्हती.

ऑर्केस्ट्रातले कीबोर्डवाले भाऊजी ह्यांचे जुने सोबती. त्यांना फोन केला. ते येऊन बघून गेले. म्हणाले, "वहिनी, नेक पिकअप खलास. नवा टाकायचा. तुमी आणून ठिवा, मी सोल्डर मारून बसवून देतो. घंट्याभराचं काम हाय."

"कुठला आणू?"

"ते मातर कानाचं काम हाय. त्याला विचारा."

त्याला विचारा! ह्यांना विचारलं तर ह्यांनी खांदे उडवले आणि माझ्याकडं बोट केलं. मग टाईप केलं, "ऐकणार तू."

मुलगी पारनेरला दिलीय, तिनं मोबाईलवर शोधून फोटो पाठवले. दहा तऱ्हेचे पिकअप, सगळे दिसायला एकसारखे पांढरे. एक म्हणे जुन्या पद्धतीचा, एक जास्त ताकदीचा, एक अजिबात गुणगुणत नाही असा. मी म्हणलं, "बाई, फोटोवरनं मी फॉल सुद्धा घेत न्हाई." आमच्या धंद्यात मॅचिंग करायचं तर साडी हातात घेऊन दुकानात जायचं, रीळ साडीवर ठेवायचं आणि दुकानाच्या बाहेर उन्हात येऊन बघायचं. आतल्या लाईटवर विश्वास ठेवायचा नाही. पण इथं नमुनाच मेलेला. ह्यांच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ होते, त्यात ढोल, कीबोर्ड, माणसांचा गोंगाट, आणि "अगं" कशातच नाही. ती हाक फक्त माझ्या कानात होती. साडी हरवलेली आणि रंग तेवढा डोक्यात, असं मॅचिंग मी कधी केलं नव्हतं.

मी गिटारला सोफ्याच्या उरलेल्या कापडाची खोळ शिवली, जाऊबाईंना ह्यांच्यापाशी बसवलं आणि नगरची गाडी पकडली. गाडीच्या बोर्डावर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, कंडक्टर मात्र अजून "नगर, नगर" म्हणूनच ओरडतो. ती लांबडी खोळ बघून शेजारची बाई म्हणाली, "काय हाय ओ त्यात?" मी म्हणलं, "आमच्या मालकांचं गळ्याचं सामान." ती जरा सरकून बसली. इमामपूरच्या घाटात गाडी गचके खात होती आणि मी गिटार पोटाशी धरून बसले होते.

दुकान वाद्यांचं. पुढं ढोल-ताशे, हार्मोनियम, मागं एका टेबलावर दुरुस्ती. मालक स्वतःच दुरुस्ती करत होते, पन्नाशीचे, तोंडात काहीतरी. मी आधी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. बडीशेप होती.

त्यांनी तारा सैल केल्या, स्क्रू काढले आणि तो पिकअप उचलून उजेडात धरला. वरचं झाकण काढलं. आत बघितलं आणि माझ्याकडं बघितलं.

"ताई, ह्याची पूजाबिजा करता का काय?"

"मग? हत्याराची पूजा करायची न्हाई?"

"बघा मग," म्हणत त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. आतली तांब्याची तार हिरवी पडलेली. एका बाजूला तर गंजून भुगा. आणि त्या हिरव्यात लाल. कुंकू. वर्षानुवर्षांचं ओलं कुंकू, झेंडूच्या फुलानं शिंपडलेलं पाणी, सगळं आत झिरपत गेलेलं. "दुसऱ्या पिकअपला काही झालं न्हाई बघा," ते म्हणाले, "त्याला तुमी कुंकू लावलं नसंल." आणि हसायला लागले.

मला हसू आलं नाही. मला इतका संताप आला की तो कुणावर काढावा कळेना. ज्या तोंडानं हा माणूस गाणी गुणगुणायचा त्या तोंडात त्यानं रोज मावा धरला. ज्या पिकअपनं बोलायचा त्याला दरवर्षी कौतुकानं पाणी पाजलं. एक गोष्ट वाईट म्हणून सांगून सांगून मी थकले, दुसरी चांगली म्हणून मीच फुलं तोडून दिली. दोन्हीकडं निकाल एकच. मी तो हिरवा तुकडा मुठीत धरून दुकानातल्या स्टुलावर बसून राहिले. मालकांनी पाणी आणून दिलं. त्यांना वाटलं उन्हानं झालं.

पाणी पिऊन मी म्हणलं, "दाखवा तुमच्याकडं काय काय हाय."

त्यांच्याकडं तीन होते. बसवून बघायचं म्हणजे दरवेळी सोल्डर, म्हणून त्यांनी एक युक्ती केली. तारा परत ताणून सुरात लावल्या, पिकअपच्या वायरी चिमट्यानं स्पीकरला जोडल्या आणि पिकअप हातानंच उलटा करून तारांवर धरला, मानेजवळ, जिथं तो बसणार तिथं. आणि दुसऱ्या हातानं सिनेमातलं गाणं वाजवायला लागले.

"गाणं नको," मी म्हणलं. "मधल्या दोन मोकळ्या तारा छेडा. खालची आधी, मग वरची. बास."

"त्यानं काय कळणार, ताई?"

"मला कळंल."

पहिला जास्त ताकदीचा होता. जत्रेत माईकवरून हरवलेल्या पोराच्या आईला बोलवतात ना, तशी हाक. मी मान हलवली, नाही. दुसरा त्यांनी फार प्रेमानं काढला, डबीतून. "हा घ्या. सगळ्यात भारी. अजिबात गुणगुण न्हाई." त्यांनी बटण फिरवलं. स्पीकर शांत. मग ते दोन सूर आले, स्वच्छ, धुतलेले. बातम्या देणाऱ्या बाईसारखे. सूर बरोबर होते, मऊ होते, पण आधीचा हूं कुठाय? न खाकरता एकदम अंगावर आलेली हाक. ह्यांनी भांडण झाल्यावर मला असं कधी बोलावलं नसतं.

"ह्यात ते हूं न्हाई."

"न्हाईच! त्याचेच तर पैसे हायेत, ताई. लोक गुणगुण नको म्हणून मागं लागतात."

"मला पाहिजे."

ते माझ्याकडं बघत राहिले. बायका दुकानात येतात, कमी करून मागतात, हे त्यांना माहीत असणार. खोड मागणारी पहिलीच असेन. त्यांनी तिसरा काढला, साधा, कागदात गुंडाळलेला. चिमटे लावले, तारांवर धरला, बटण फिरवलं. स्पीकर गुणगुणला. हूं. मग खालची तार, मग वरची.

मी म्हणलं, "परत."

परत छेडल्या.

"परत."

तिसऱ्या वेळी माझे गुडघे आपोआप स्टुलावरून उठायला निघाले. मी उभीच राहिले. म्हणलं, "हाच. बसवा."

त्यांनी सोल्डरची वायर प्लगात घातली आणि लाईट गेली. कुठंतरी काम चाललंय, संध्याकाळी येईल, म्हणाले. गिटार ठेवून जा, उद्या न्या. पण ह्यांच्या नळीची वेळ, औषधाची वेळ, जाऊबाई तरी किती बसणार? आणि भाऊजींनी शब्द दिलेला होताच. मी तो पिकअप कागदात घेतला, मेलेला जुना पिशवीत टाकला आणि उघड्या पोटाची गिटार खोळीत घालून स्टँडवर आले.

घरी पोचले तेव्हा हे जागे होते. जाऊबाई म्हणाल्या, "दिवसभर दाराकडं डोळं." मी नवा पिकअप त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा-सुलटा करून बघितला, नखानं टिचकी मारली, आणि भुवई वर केली. कसा आहे?

"आधी हूं करतो," मी म्हणलं. "मग अगं."

त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. मग मी जुना काढून दाखवला. आतलं हिरवं आणि लाल. "हे बघा तुमचं कुंकू. गुदमरून मारलं तिला." मी रागानंच बोलले होते. त्यांनी बघितलं, आणि त्यांचं अंग हलायला लागलं. मला वाटलं दम लागला, मी घाबरले, पाठीला हात लावला. तर हे हसत होते. आवाज नाही, तोंड एका बाजूला, गाठीनं मान ताठलेली, आणि खांदे गदगदत होते. मग मलाही आवरेना. आम्ही दोघं तो गंजका तुकडा मधे धरून हसत बसलो. जाऊबाई दारातून बघून गेल्या. त्यांना वाटलं असेल, ह्या दोघांची डोकी फिरली.

भाऊजींना फोन लावला. ते लग्नाच्या कार्यक्रमाला निघाले होते, म्हणाले, उद्या सकाळी पहिलं काम तुमचं. ह्यांनी पिकअप उशाखाली ठेवला.

सकाळी मी त्यांची मान पुसत होते आणि गाठीवरून रक्त आलं. आधी थेंब. मग थेंब राहिला नाही. ते सगळं मला लिहायचं नाही. मी पदर दाबून धरला होता, जाऊबाई रस्त्यावर जाऊन ओरडत होत्या, भाऊजी सोल्डरची पिशवी घेऊन आले ते त्यांच्याच गाडीत आम्ही ह्यांना घातलं. हे माझ्याकडं बघत होते. काही सांगायचं असेल तर तोंड नव्हतं, मोबाईल नव्हता, गिटार घरी पोट उघडं टाकून पडली होती. मी त्यांच्याकडं बघून म्हणत राहिले, "मी हाय, इथंच हाय." त्यांनी न बोलावता. नगरला पोचेपर्यंत संपलं होतं.

दहावा नदीच्या संगमावर झाला. लोक येत होते, जात होते. "सुटला बिचारा," म्हणत होते. मला त्यांचा राग यायचा. सुटला काय? हाक मारायची राहिली होती त्याची. पण हे कुणाला सांगणार?

तेराव्याला गोडाचा स्वयंपाक होता. मागं बायका पुरण वाटत होत्या. जाऊबाई मला म्हणाल्या, तू बस. पण रिकाम्या हातानं मला बसता येत नाही, मी वेलदोडे सोलत होते. पुढच्या खोलीत पुरुषमाणसं, खाट काढलेली, तिथं पाटावर फोटो. भाऊजी आत डोकावून हळूच म्हणाले, "वहिनी, त्याला शब्द दिल्ता मी. तेवढं करून ठिवतो." मी मान हलवली. खरं म्हणजे त्यांनी काय म्हणलं तेही माझ्या नीट ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवसांत लोक बोलायचे आणि मी मान हलवायची.

बायका बोलत होत्या. कुणीतरी गॅस कमी करायला सांगत होतं. भांड्यांचा आवाज, पोरांचा आवाज. आणि त्यातून आला हूं.

मग खालचा सूर. मग वरचा.

"आले हो, आले," मी म्हणलं. मोठ्यानं. वेलदोडे मांडीवरून सांडले, हात पदराला पुसले, उठले आणि भराभरा पुढच्या खोलीच्या दारात गेले. तोंडात शब्द पण तयार होता, काय, आभाळ कोसळलं का?

सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. भाऊजी भिंतीला टेकून बसलेले, मांडीवर गिटार, अंगठा अजून तारेवर. बसवलेला पिकअप चालतो का म्हणून त्यांनी सहज दोन तारा छेडल्या होत्या. माझं तोंड बघितलं आणि त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी तारांवर हात ठेवून आवाज बंद केला. डोळे भरून आले त्यांचे.

"चुकलं, वहिनी."

"चुकलं न्हाई, भाऊजी," मी म्हणलं. "बरोबर बसलाय. हाच आवाज."

मागून जाऊबाई आल्या, त्यांनी माझ्या दंडाला धरलं आणि मला आत नेलं. मी परत वेलदोडे गोळा करायला बसले. उभ्या संसारात मी ह्यांच्या पहिल्या हाकेला कधी उठले नव्हते, आणि त्या दिवशी मी पहिल्याच हाकेला उठले होते.